नॉर्विचचा बाजार: इमारती नव्या, मग जुने नेमके काय?

प्रश्न: इंग्लंडमधल्या नॉर्विच शहराचा बाजार साडेनऊशे वर्षांचा आहे असे सगळीकडे वाचले. प्रत्यक्षात गाळे 2005-06 मध्ये नव्याने बांधलेले, मागचा सिटी हॉल 1938 चा आणि समोरची दुकाने बहुतेक गेल्या दोनअडीचशे वर्षांतली. मग जुने म्हणायचे ते काय? आणि भोवतालचे रस्ते असे वेडेवाकडे का? एक दिवस हातात असेल तर काय पाहावे?

उत्तर: जुनी आहे ती मोकळी जागा. तिचा उतार जुना, तिच्या कडेच्या भूखंडांच्या हद्दी जुन्या आणि तिथे बाजार भरवून पट्टी गोळा करण्याचा हक्कही जुना. जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि जतन हाच माझा व्यवसाय असल्याने लोक मला आधी भिंतीचे वय विचारतात. शहर समजून घ्यायचे असेल तर मी मात्र आधी जमिनीकडे आणि हद्दींकडे पाहायला सांगतो. इमारत जळते, पडते, विकली जाते. दोन मालकांमधली हद्द सहसा हलत नाही, कारण ती हलवायची तर दोघांनी कबूल व्हावे लागते. नॉर्विचमध्ये हे जितके स्वच्छ दिसते तितके इंग्लंडमधल्या फार थोड्या शहरांत दिसते.

हा बाजार मुळात आजच्या जागी नव्हता. वेन्सम नदीच्या वळणावर वसलेल्या या गावात अ‍ॅथलस्टन राजाच्या काळात, म्हणजे 924 ते 939 दरम्यान, गावाच्या नावाची नाणी पाडली जात होती. 1004 मध्ये डेन्मार्कच्या स्वेन राजाने हे गाव जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. 1066 मध्ये इथे 1,320 बर्जेस, म्हणजे नागरी हक्क असलेले पुरुष होते. त्यांची बायकामुले आणि हक्क नसलेले गरीब धरले तर त्या काळाच्या मानाने हे मोठेच शहर. त्या शहराचा बाजार भरत असे तो आज टूमलँड म्हणतात त्या जागेत. कॅथीड्रलच्या दारासमोर झाडे आणि गाड्या असलेला तो लांबट चौक म्हणजे सॅक्सन आणि डॅनिश नॉर्विचचे हृदय. जवळच अर्लचा, म्हणजे प्रांत सांभाळणाऱ्या सरदाराचा, वाडा होता आणि सेंट मायकेलचे चर्च होते.

1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणारे नॉर्मन आले आणि त्यांनी शहराचा मध्यच उचलून दुसरीकडे नेला. किल्ल्यासाठी मातीचा प्रचंड ढिगारा रचताना 98 घरांच्या जागा गेल्या, अशी 1086 च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन आणि मालमत्तेच्या मोजणीत, नोंद आहे. 1096 मध्ये बिशप हर्बर्ट डी लोसिंगाने कॅथीड्रलचा पाया घातला, तेव्हा कॅथीड्रलला जोडलेल्या मठाच्या आवाराने जुन्या बाजाराच्या पूर्वेकडचा भाग गिळला आणि सेंट मायकेलचे चर्चही पाडले गेले. त्याआधीच, 1071 ते 1075 च्या दरम्यान, अर्ल राल्फने किल्ल्याच्या पश्चिमेला फ्रेंच लोकांसाठी नवी पेठ वसवली. जमीन त्याची होती, पण उत्पन्नात राजाचा वाटा ठेवून त्याने ती राजाच्या भागीदारीत दिली. 1075 मध्ये राल्फने राजाविरुद्ध बंड केले, ते फसले आणि तो ब्रिटनीला पळाला. त्याची बायको एमा हिने मागे राहून सुमारे तीन महिने किल्ला लढवला. राल्फची सगळी मालमत्ता गेली, पण त्याने आखलेली पेठ राहिली. आजचा बाजार त्याच पेठेचा मध्य आहे.

मूळ इंग्रज वस्तीने याची किंमत मोजली. डूम्सडेच्या वेळी इंग्रज बर्जेस 665 उरले होते आणि 480 माणसे इतकी गरीब होती की त्यांच्याकडून कर मिळतच नव्हता. बाजाराच्या गोड इतिहासात ही बाजू सहसा सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. नव्या बाजारावर किल्ल्यातून नजर ठेवता येत होती आणि त्याचा पैसा राजाकडे जात होता. जागा निवडण्यामागे हे दोन्ही हेतू होते.

आता उताराकडे या. बाजारात उभे राहून पश्चिमेला सिटी हॉलकडे तोंड केले की जमीन चढत जाते. पाठीमागे, पूर्वेला, जंटलमन्स वॉक नावाचा रस्ता खालच्या कडेने जातो आणि त्याच्याही पलीकडे जमीन पुन्हा किल्ल्याच्या टेकाडाकडे चढते. मधल्या सखल भागातून एक ओढा नदीकडे वाहत असे. अशा ओढ्यांना तिथले लोक कॉकी म्हणत आणि हा सर्वांत मोठा म्हणून ग्रेट कॉकी. कधीच तो जमिनीखाली घातला गेला. पण बाजाराची पूर्व कड, तिला लागलेल्या सरायांच्या जागा आणि त्यांच्या मागची बॅक ऑफ द इन्स ही गल्ली, या सगळ्यांचे वळण त्या ओढ्याच्या काठाने ठरवले आहे. वेडेवाकड्या रस्त्यांच्या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. ते आखले कोणी नाहीत. पाणी, चढ आणि आधीच्या वहिवाटीच्या पायवाटा सांभाळत माणसे राहत गेली आणि रस्ते उरले.

उरलेले अर्धे उत्तर जुन्या आणि नव्या बाजाराच्या नात्यात आहे. टूमलँडचा बाजार मागे पडला, तरी कॅथीड्रल तिथेच होते आणि नदीवरचे धक्के त्याच बाजूला. कॅथीड्रलसाठी फ्रान्समधल्या काँहून दगडही नदीमार्गेच आला. त्यामुळे दोन केंद्रांना जोडणारी वर्दळ सुरू झाली, आणि तिचीच वाट म्हणजे आजची लंडन स्ट्रीट. तिच्या एका भागाचे जुने नाव कॉकी लेन होते, कारण ती तो ओढा ओलांडत असे. पॉटरगेट आणि सेंट बेनेडिक्ट्स स्ट्रीट या पूर्व-पश्चिम वाटा तर नॉर्मनांच्याही आधीच्या आहेत. नव्या पेठेला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले, म्हणून बाजाराच्या उत्तरेकडच्या गल्ल्या तिरक्या भेटतात.

जुन्या बाजाराचे आणि मठाचे भांडण मात्र मिटले नाही. टूमलँडमध्ये मठाची जत्रा भरे आणि तिथे सत्ता कुणाची, यावर शहरकरी आणि साधू हमरीतुमरीवर येत. 1272 च्या ऑगस्टमध्ये ते इतके पेटले की शहरकऱ्यांनी मठाला आग लावली. राजाने कित्येकांना फाशी दिली आणि शहराला मोठा दंड ठोठावला. टूमलँडवरचा एथेलबर्ट दरवाजा हा त्या दंगलीच्या प्रायश्चित्ताचा भाग म्हणून बांधला गेला. तो जरूर पाहा.

बाजारातला रोजचा व्यवहार कसा होता हे कळायला नॉर्विच फार भाग्यवान आहे. शहराचे चार विभाग होते आणि प्रत्येकात वर्षाला एक चौकशी भरे. त्या चौकशांच्या नोंदींच्या 1288 पासूनच्या गुंडाळ्या टिकल्या आहेत. कोण वजनात मारतो, कोण वेशीबाहेरच माल गाठून विकत घेतो आणि बाजारात चढ्या भावाने विकतो, कोण रस्त्यावर उकिरडा करतो, सगळे त्यात आहे. एका नोंदीत शेजारच्या स्प्राउस्टन गावच्या तमाम लोकांवर आरोप आहे की ते जाणूनबुजून रोगट डुकरे विकत घेतात आणि त्यांचे सॉसेज करून नॉर्विचच्या बाजारात विकतात. दगडी इमारतींपेक्षा अशा नोंदी मला बाजाराच्या अधिक जवळ नेतात. आपल्याला आज लागते तीच गोष्ट तेव्हाही लागत होती: मापात माल आणि खाण्याजोगे अन्न, आणि ते बघणारे कुणीतरी.

हक्काचा भाग पुढे 1341 मध्ये बदलला. तोवर राजाचा असलेला बाजार तिसऱ्या एडवर्डने शहराच्या स्वाधीन केला. त्याच सुमारास शहराने स्वखर्चाने चार किलोमीटर लांबीची तटबंदी पुरी करत आणली होती. तिच्या आतले क्षेत्र लंडनच्या तटाआतल्या क्षेत्राहून मोठे होते. 1404 मध्ये चौथ्या हेन्रीने शहराला स्वतंत्र काउंटीचा दर्जा आणि महापौर दिला. मग पट्टी गोळा करायची जुनी चौकी पुरेशी वाटेना. 1407 पासून तिच्याच जागी गिल्डहॉल उभा राहू लागला. कारभार, न्यायालय, तुरुंग सगळे एका छपराखाली, आणि तेही बाजाराच्या वरच्या अंगाला, जिथून खालचा व्यवहार दिसतो. 1938 पर्यंत शहराचा कारभार इथून चालला. गिल्डहॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीवर काळ्या चकमकीच्या दगडाचे आणि फिकट दगडाचे चौकटीदार काम आहे, ते सोळाव्या शतकातले. या भागात बांधकामाजोगा दगड नाही. खडूसारख्या चुनखडीत सापडणारे चकमकीचे गोळे मात्र मुबलक, म्हणून गरिबाच्या कुंपणापासून चर्चपर्यंत तोच दगड. गोळा फोडून त्याची चकचकीत बाजू बाहेर ठेवायची आणि सांधे बारीक राखायचे, हे काम अत्यंत कौशल्याचे. आज दुरुस्तीसाठी तसा हात असलेला गवंडी मिळवणे हीच मोठी अडचण असते.

आता बाजार भरलेला असताना त्याची जागा आक्रसते कशी, ते सांगतो. आधी फळी आणि छत्री येते, संध्याकाळी उचलली जाते. मग कुणीतरी ती रात्री तिथेच ठेवतो. मग खांब पुरले जातात, वर छप्पर, त्यावर माळा, आणि दोनतीन पिढ्यांत तिथे घर उभे असते. गाळ्यांच्या दोन रांगांमधली चालायची वाट ही मग गल्ली होते. नॉर्विचमध्ये खाटीक, कोळी, लोहार, मसालेवाले यांच्या रांगा वेगवेगळ्या होत्या. वरच्या बाजूच्या रांगा कालांतराने पक्क्या इमारती झाल्या आणि मूळ मोकळी जागा कितीतरी लहान झाली. सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चला लागून पुडिंग लेन नावाचा बोळ आणि सर गार्नेट हा पब अजून आहे. बाजाराच्या पोटात शिरलेल्या त्या वस्तीची ती उरलेली खूण. नकाशावर बाजाराजवळ अशी आखूड, समांतर, कुठेच न जाणारी गल्ली दिसली तर ती बहुधा गाळ्यांच्या रांगेची आठवण असते.

सगळा माल एका जागी मावत नव्हता म्हणून मोठे आणि घाण करणारे व्यापार बाहेर गेले: गवताचा बाजार हेमार्केटमध्ये, लाकडाचा टिंबरहिलवर, डुकरांचा आज ऑल सेंट्स ग्रीन म्हणतात तिथे. मॅडरमार्केट ही मंजिष्ठासारख्या लाल रंगाच्या मुळांची पेठ, कारण शहराचे पोट कापडावर होते. 1565 मध्ये शहराने डच आणि वालून विणकरांच्या 30 कुटुंबांना बोलावून घेतले. 1579 पर्यंत असे सुमारे 6,000 लोक इथे राहत होते, तेव्हा शहराची लोकसंख्या 16,000 च्या आसपास होती. त्यांनी नवे कापड आणले, छपाई आणली आणि पाळायचे कॅनरी पक्षीही आणले. शहराच्या फुटबॉल संघाचे ‘कॅनरीज’ हे टोपणनाव तिथूनच आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच शहराचे माग काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली विणू लागले, आणि नॉर्विच शाल म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या.

बाजाराने क्रौर्यही पाहिले. 1549 मध्ये सामायिक गायराने जमीनदारांनी कुंपणात घेतल्यावर रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी शहराबाहेरच्या माउसहोल्ड माळावर जमले आणि त्यांनी नॉर्विच ताब्यात घेतले. अर्ल ऑफ वॉरिकने सैन्यासह आत शिरल्यावर पकडलेल्या बंडखोरांना बाजारात फासावर चढवले. केटला डिसेंबरमध्ये किल्ल्यावर लटकवले. 1949 मध्ये, चारशे वर्षांनी, शहरातल्या लोकांनी किल्ल्याच्या भिंतीवर त्याच्या सन्मानार्थ फलक लावला. मला हा फलक शहरातल्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठा वाटतो.

हद्दींचा मुद्दा सगळ्यात सुंदर दिसतो तो जंटलमन्स वॉकवर. इथल्या भूखंडांची तोंडे अरुंद आणि खोली पुष्कळ. दर्शनी भाग महाग, म्हणून प्रत्येकाला बाजाराकडे थोडीशी रुंदी आणि मागे अंगण, तबेले, कोठारे. यांतल्या अनेकांवर सराया होत्या. गाड्या पुढच्या कमानीतून शिरत आणि मागच्या गल्लीत निघत. त्यांतली एक सराय किंग्ज हेड, म्हणजे राजाचे डोके. जोनाथन डेव्ही नावाच्या जहाल मतांच्या आल्डरमनने, म्हणजे ज्येष्ठ नगरसेवकाने, एकदा सभेत जाहीर केले की मी राजाच्या डोक्याला भोक पाडणार आहे. फ्रान्समधल्या क्रांतीची धास्ती ताजी होती, त्यामुळे त्याच्या घरावर पहारा बसला, असे सांगतात. डेव्हीने ती सराय विकत घेतली आणि पाडून 1812 च्या सुमारास तिथून किल्ल्याकडे रस्ता काढला. तोच डेव्ही प्लेस. पुढे 1899 मध्ये जॉर्ज स्किपर या वास्तुविशारदाने दुसऱ्या सरायेच्या जागी रंगीत फरशांची रॉयल आर्केड बांधली. दोन्ही ठिकाणी चालताना लक्षात घ्या: तुम्ही एका जुन्या भूखंडाच्या लांबीतून, पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत जात आहात. सराय गेली, हद्द रस्त्याच्या रूपाने उरली.

आगीनेही हेच सिद्ध केले. 1507 मध्ये एप्रिल आणि जूनमध्ये लागलेल्या दोन आगींत 718 घरे जळाली. एल्म हिल ही प्रसिद्ध फरसबंद गल्ली जवळजवळ पूर्ण गेली. ब्रिटन्स आर्म्स ही एकच इमारत वाचली. लोकांनी पुन्हा बांधले ते जुन्याच जोत्यांवर आणि जुन्याच तळघरांवर. विटांच्या कमानी असलेली अशी मध्ययुगीन तळघरे नॉर्विचमध्ये पुष्कळ आहेत आणि वरचे घर त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण असते. एल्म हिल दुसऱ्यांदा मरता मरता वाचली ती 1920 च्या दशकात. तेव्हा ती गलिच्छ वस्ती झाली होती आणि नगरपालिका ती पाडायला निघाली होती. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्विच सोसायटीने पाठपुरावा केला आणि पालिकेच्या सभेत अवघ्या एका मताने गल्ली वाचली.

बाजाराच्या नशिबात मात्र 1930 च्या दशकात मोठी तोडफोड होती. वरच्या अंगाच्या त्या जुन्या रांगा पाडून जेम्स आणि पिअर्स या वास्तुविशारदांनी स्टॉकहोमच्या धर्तीवर सिटी हॉल बांधला. 56 मीटर उंच मनोरा, दाराशी कांस्याचे सिंह. 29 ऑक्टोबर 1938 रोजी सहाव्या जॉर्ज राजाने त्याचे उद्घाटन केले. गाळ्यांच्या सरळ रांगा तेव्हाच्याच. जतनाच्या क्षेत्रातले काही जण या पाडापाडीला आजही नावे ठेवतात. माझे मत वेगळे आहे. खूप जुने बांधकाम गेले हे खरे, पण शतकांच्या अतिक्रमणात हरवलेला बाजाराचा मूळ विस्तार बराचसा परत मिळाला आणि सिटी हॉलने उताराचा मान राखला. एप्रिल 1942 च्या जर्मन बाँबहल्ल्यांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली, पण बाजार, गिल्डहॉल आणि सिटी हॉल तगले.

खरे नुकसान मला युद्धानंतरचे वाटते. सेंट स्टीफन्स स्ट्रीट मोटारींसाठी रुंद केली आणि तिचे मध्ययुगीन अरुंदपण कायमचे गेले. मॅग्डालेन स्ट्रीटचे तर दुःख होते. 1959 मध्ये याच रस्त्यावर सिव्हिक ट्रस्ट या शहरांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या संस्थेने सगळ्या दुकानदारांना एकत्र आणून दर्शनी भागांची रंगरंगोटी केली, बोजड पाट्या आणि तारा हटवल्या. देशभरच्या शहरांनी तो कित्ता गिरवला. 1972 मध्ये त्याच रस्त्यावरून काँक्रीटचा उड्डाणपूल गेला.

पण याच शहराने उलट धडाही दिला. 1965 मध्ये लंडन स्ट्रीट गटाराच्या कामासाठी वाहनांना बंद ठेवावी लागली आणि धंदा बुडेल म्हणून घाबरलेल्या दुकानदारांना उलटाच अनुभव आला. नगररचना अधिकारी आल्फ्रेड वुड यांनी ती संधी साधली. 1967 मध्ये रस्ता प्रयोग म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी राखला गेला आणि पुढे कायमचा झाला. ब्रिटनमधला अशा प्रकारचा हा पहिला रस्ता मानतात. ही अकराव्या शतकापासूनची पायवाट होती, हे लक्षात घेतले तर प्रयोग यशस्वी का झाला ते कळते. ती रुंदी माणसांसाठीच होती.

एक दिवस असेल तर सकाळी टूमलँडपासून सुरुवात करा, आधी एथेलबर्ट दरवाजा, मग एल्म हिल. तिथून लंडन स्ट्रीटने बाजाराकडे जा, म्हणजे बाजार ज्या दिशेने सरकला त्याच दिशेने तुम्ही जाल. बाजारात शिरण्याआधी डेव्ही प्लेसच्या पायऱ्या चढून वर उभे राहा. किल्ला पाठीशी, सखल भाग पायाशी आणि समोर चढत गेलेला बाजार, अशी सगळी रचना एका नजरेत येते. मग आत जाऊन खाऊन घ्या, उकडून घोटलेले वाटाणे तिथली खासियत. सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट 1430 ते 1455 दरम्यान व्यापाऱ्यांच्या पैशाने उभे राहिले, आत वेळ द्या. दुपारी पाय साथ देत असतील तर नदीकाठच्या किंग स्ट्रीटवर ड्रॅगन हॉल गाठा. चार वेळा महापौर झालेल्या रॉबर्ट टॉप्स या कापड व्यापाऱ्याने पंधराव्या शतकात बांधलेली ती माल दाखवायची वखार आहे. ती उघडी असते त्या वेळा मर्यादित आहेत, म्हणून निघण्याआधी चौकशी करून जा.